यात विशेष काही नाही

गेल्या सत्रात आम्ही आपापल्या बी. ए. द्वितीय वर्षाच्या मराठीच्या वर्गांना एक साधे काम दिले होते. सकाळी जाग आल्यापासून महाविद्यालयाच्या फाटकात पाऊल टाकेपर्यंत जे डोळ्यांना दिसले आणि कानांवर पडले, ते दहा-पंधरा ओळींत लिहून आणावे. उपमा नकोत, सुविचार नकोत, शेवटी तात्पर्य तर मुळीच नको. काम सोपे आहे अशी आमची समजूत होती. वह्या आल्या आणि ती समजूत गेली. बहुतेक वह्यांत सूर्याची कोवळी किरणे खिडकीतून आत आली होती, पक्ष्यांनी किलबिलाट केला होता आणि प्रत्येकाची आई त्यागाची मूर्ती होती. एका विद्यार्थ्याची एस. टी. त्या दिवशी वाटेत बंद पडली होती. हे आम्हांला ठाऊक होते, कारण तो दुसऱ्या तासाला घामाघूम होऊन दारात उभा राहिला होता. त्याच्या वहीत एस. टी. नव्हतीच. तिथे वृक्षसंवर्धनाचे महत्त्व होते.

अकोल्याच्या वर्गातील एका मुलीची वही तेवढी वेगळी निघाली. शेताची वीज रात्रपाळीत असल्याने बाबा अडीच वाजता हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेले. आजीने "बॅटरी घेतली काय?" असे दोनदा विचारले; पहिल्यांदा बाबा घरात होते, दुसऱ्यांदा नव्हते. आईने दोन डबे भरले, तिसरा नुसताच धुऊन पालथा ठेवला. एस. टी.त कंडक्टरने पास पाहिला नाही, रोजचेच तोंड म्हणून पुढे सरकायला सांगितले. एवढेच. आणि समासात बारीक अक्षरांत लिहिले होते : "मॅडम, यात विशेष काही नाही. चालेल का?"

चालेल, असे आम्ही लिहिले आणि वही परत केली. पण हे वाक्य त्यानंतर आमच्या मनातून गेले नाही. या लेखाचे निमित्त तेच आहे. विशेष काही नसणे म्हणजे लिहिण्याजोगे काही नसणे, ही समजूत त्या मुलीच्या डोक्यात कोणी घातली? उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. पाचवीपासून पदवीपर्यंत मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनीच ती घातली.

आमच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. आम्ही दोघे नवराबायको, दोघेही मराठीचे प्राध्यापक, दोघेही चाळिशीतले. घर अमरावतीला. एकाची नोकरी अमरावतीत, एकीची अकोल्यात. त्यामुळे गेली सोळा वर्षे घरातल्या एकीचे अपडाऊन चालू आहे. अपडाऊन हा शब्द वऱ्हाडातल्या नोकरदार माणसाला समजावून सांगावा लागत नाही. अर्धे वऱ्हाड अपडाऊन करते, उरलेले अर्धे त्याची वाट पाहते. बडनेऱ्याला गाडी धरायची. मग कुरूम, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव मंजू आणि अकोला. गाडी चुकली तर राष्ट्रीय महामार्ग आहेच. याच महामार्गावर अमरावती ते अकोला या टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदवला गेला. मिनिटांपर्यंतची ही नोंद वाचून आम्हांला कौतुक वाटले आणि थोडी लाजही वाटली. याच वाटेवर सोळा वर्षे जाऊन-येऊन आपण काय नोंदवले, असा प्रश्न मनात आला.

नोंदवण्यासारखे नव्हते असे नाही. बायकांच्या डब्यात मेथी निवडली जाते, लसूण सोलला जातो, उत्तरपत्रिका तपासल्या जातात आणि संक्रांतीत हळदीकुंकूही होते. मूर्तिजापूरला चढणाऱ्या एक बाई जागा मिळाली की आधी चपला काढून पाय वर घेऊन बसतात. चपला चोरीला जातील या भीतीने त्या असे करत असतील असा आमचा तर्क होता. माहेरच्या ओट्यावर बसल्यासारखे वाटते म्हणून, असे त्यांनीच एकदा सांगितले. त्याच स्थानकावर, आता बंद असलेल्या शकुंतलेच्या अरुंद रुळांकडे पाहत एक म्हातारे गृहस्थ उभे असत. ते अचलपूरची गाडी कधी येईल असे विचारीत. सुरुवातीला लोक सांगत, "बाबाजी, ते बंद झाली." पुढे कोणीतरी "येते, येते" म्हणायला लागले. मग सगळेच तसे म्हणू लागले. हे आम्ही पाहिले, घरी येऊन एकमेकांना सांगितले आणि विसरलो. आज ते गृहस्थ आठवले, पण त्यांच्या डोक्यावर टोपी होती की रुमाल, यावर आम्हां दोघांचे एकमत नाही.

नोंदी ठेवण्याची आम्हांला सवय नाही असे कोणी म्हणू नये. नॅकच्या तयारीत कपाटभर फायली आम्ही स्वहस्ते केल्या आहेत. कार्यक्रमाचा अहवाल, छायाचित्र, उपस्थितीपट, अभिप्रायपत्र, सगळे क्रमवार. त्यांतील एका अहवालात पाहुणे वक्ते किती वाजता आले, त्यांना पुष्पगुच्छ कोणी दिला आणि आभार कोणी मानले, हे सारे आहे. ते काय बोलले, तेवढे नाही.

मूळ मुद्द्याकडे येतो. मराठीत रोजच्या जगण्यावर लिहिण्याची परंपरा लहान नाही. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी लघुनिबंध हा प्रकार रुजवला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो आपण पाठ्यपुस्तकांत वाचला. छत्री, चष्मा, आगगाडीचा डबा, दुपारची झोप हे विषय साहित्यात आले ते या मंडळींमुळे, आणि हे त्यांचे ऋणच आहे. परंतु या निबंधातला 'मी' बहुधा रिकामा असतो. त्याला वेळ आहे. तो एखाद्या क्षुल्लक वस्तूकडे पाहतो, तिच्याभोवती कल्पनेची गुंफण करतो आणि जाता जाता जीवनाविषयी एखादे छोटे तत्त्व हातावर ठेवतो. छत्रीला छत्री म्हणून तिथे फार वेळ थांबता येत नाही. तिला लवकरच कशाचे तरी प्रतीक व्हावे लागते. थोरांच्या हातात ही रीत शोभली. शाळेत ती साचा म्हणून उतरली आणि तिच्यातून सूर्याची कोवळी किरणे निघाली. आमच्या विद्यार्थ्याची बंद पडलेली एस. टी. वहीत न येता वृक्षसंवर्धन आले, त्याचे मूळ इथे आहे असे आमचे मत आहे. हे मत काहींना कठोर वाटेल. वाटो.

याला अपवाद आहेत आणि ते घाईत जगणाऱ्या माणसांचे आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' हा लेख त्याच नावाच्या संग्रहात १९४९ साली आला. तो ज्याच्यावर उभा आहे ते वाक्य रस्त्याने जाताना कानावर पडलेले, शाळकरी पोरांचे वाक्य आहे. प्राध्यापकी, संशोधन, संसार आणि भटकंती सांभाळणाऱ्या बाईला ते ऐकायला सवड झाली. बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. शेतात आणि घरात राबताना त्यांच्या तोंडून जे निघाले ते त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी ते टिपून ठेवले, म्हणून त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, ते पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आले. टिपले गेले नसते तर काय, हा विचार आपण करत नाही. टिपले न गेलेल्या बायांची यादी करता येत नाही, म्हणून तो विचार येत नसावा.

पण आम्हांला ज्याविषयी बोलायचे आहे तो ग्रंथ याहून पुष्कळ जुना आहे आणि आमच्या घरापासून फार दूरचा नाही. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, शके १२०० च्या सुमारास, तिथे म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठीतला आद्य चरित्रग्रंथ म्हणून आपण तो शिकवतो. दीर्घोत्तरी प्रश्नासाठी त्याची वैशिष्ट्ये आणि भाषाशास्त्राच्या पेपरासाठी त्यातील विभक्तिरूपे. आम्ही दोघांनीही तो असाच शिकलो आणि असाच शिकवला. गंमत अशी की तो शिकवताना जे नजरेसमोर असते त्याकडे आमचे लक्ष गेले नाही. हा ग्रंथ रोजच्या गोष्टींचा आहे. चक्रधरस्वामी कोणत्या गावी होते, कोणत्या देवळाच्या कोणत्या भागात बसले, कोण भेटायला आले, काय खाल्ले, कोणाला काय विचारले, कोण रुसले, कोणाला हसू आले. तत्त्वज्ञान आहे, दृष्टांत आहेत, पण ते अशा बारीकसारीक घटनांच्या पोटात आहेत. याच पंथाच्या 'स्थानपोथी'त तर गावे, देवळे, त्यांची दारे कोणत्या दिशेला आहेत, हेही टिपलेले आहे. दार पूर्वेला आहे की पश्चिमेला, यात विशेष ते काय? पण ज्याने तिथे आपले माणूस बसलेले पाहिले त्याच्यासाठी दार कुठल्या दिशेला होते ही गोष्ट लहान नसते.

म्हाइंभटाची रीत विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासारखी आहे. तो मोठा विद्वान होता. शास्त्रचर्चेच्या ईर्ष्येने चक्रधरांकडे आला आणि पुढे त्यांचा झाला. स्वामींच्या प्रयाणानंतर रिद्धपुरात नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, आणि इतर अनुयायी आठवणींवर जगत होते. त्या आठवणी लिहून काढाव्यात हे म्हाइंभटाने मनावर घेतले. त्याने भटोबासांकडून ऐकले आणि त्यावर न थांबता ज्यांनी ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे तो गेला. ज्याच्या देखत घडले त्याच्याच तोंडून ती लीळा घ्यायची, असा त्याचा प्रयत्न दिसतो. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर त्या भेदाचीही नोंद या परंपरेने ठेवली. अमक्याने असे सांगितले, तमकीने तसे. आपल्याकडचे पांडित्य दाखवण्याची पुष्कळ संधी असताना म्हाइंभट बाजूला राहतो. वाक्ये तोकडी, क्रियापदांनी भरलेली. कोणीतरी येते, बसते, विचारते, निघून जाते. उपमा नको, तात्पर्य नको, असे जे आम्ही वर्गात फळ्यावर लिहिले ते म्हाइंभटाने सात शतकांपूर्वी न सांगता केलेले आहे. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू याच गावात राहिले. त्यांच्या लीळाही पुढे म्हाइंभटाने संकलित केल्या. त्यांत तर एक अवलिया माणूस गावभर हिंडतो, मुलांत खेळतो, कोणाच्याही घरात शिरतो, खायला मागतो, रागावतो. गावातले लोक त्याला आपली आई आणि बाप मानतात. रिद्धपुरातल्या सामान्य घरांची चूल, उंबरठा, ओसरी आपल्याला दिसते ती त्याच्या मागे मागे गेल्यामुळे.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या प्राचीनतेचे पुरावे देताना आपण सर्वांनी 'लीळाचरित्रा'चे नाव अभिमानाने घेतले. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही आहे. हे सगळे आनंदाचेच आहे. आमची तक्रार एवढीच की प्राचीनतेचा पुरावा म्हणून ज्याला आपण मिरवतो त्याच्याकडून पाहायला आणि टिपायला मात्र शिकत नाही.

इथवर जे लिहिले ते प्राध्यापकाला शोभेल असे आहे. पुढचे तसे नाही.

आमच्या घरी आई आहेत. एकाची आई, एकीच्या सासूबाई. एक जण त्यांना 'तू' म्हणतो, एक जण 'तुम्ही'. या लेखात मते समसमान पडल्याने आदरार्थी बहुवचन वापरत आहोत. त्या मूळच्या दर्यापूर तालुक्यातल्या. वडील गेल्यावर त्या अमरावतीला आमच्याकडे आल्या त्याला आता अकरा वर्षे होतील. सकाळची आमची घाई आणि त्यांची बोलण्याची वेळ एकच. एकीला बडनेऱ्याची गाडी धरायची असते, एकाला साडेसातचा तास असतो, मुलाची व्हॅन खाली हॉर्न वाजवत असते आणि आई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून वावरातल्या गोष्टी सांगत असतात. "काऊन वं, उलसक बस नं," असे त्या म्हणत. "आल्यावर ऐकते, आई," असे उत्तर मिळे. संध्याकाळी आल्यावर त्या झोपलेल्या असत किंवा आम्ही दमलेले असू.

त्या सांगत त्यात पेवाची गोष्ट वारंवार येई. त्यांच्या सासरी ज्वारी साठवायला जमिनीत पेव होते. आत उतरण्याजोगे खोल, तोंड लहान, आतून सारवलेले. बरेच दिवस बंद असलेले पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही. आतली हवा माणूस मारते. आधी तोंड उघडे ठेवायचे, मग दोरीला बांधून पेटता दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर थांबायचे, तेवता राहिला तर माणूस उतरायचा. हे त्या हाताने दोरी सोडल्यासारखे करून दाखवत. एकदा घरातल्या एका थोराड गड्याने ऐकले नाही, आणि मग काय झाले, हा भाग त्या दर वेळी थोडा वेगळा सांगत. आणि पेव रिकामे होत आले की तळाशी, भिंतीला चिकटून, ओल लागलेली जी ज्वारी उरते, जी खाता येत नाही पण टाकवतही नाही, तिला त्यांच्याकडे एक शब्द होता. एकच शब्द. तो त्या पेवाच्या गोष्टीत यायचा आणि पुढे घरात इतरत्रही वापरायच्या. कुकरच्या तळाशी लागलेल्या भाताला, फ्रिजमधल्या तीन दिवसांच्या भाजीला, आणि एकदा निवृत्तीनंतरही रोज महाविद्यालयात येऊन बसणाऱ्या आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही त्यांनी तो शब्द लावला होता. आम्ही खूप हसलो होतो. विभागात जाऊन तो किस्सा सांगितलाही होता, अर्थात त्या सहकाऱ्यांच्या अपरोक्ष.

गेल्या दिवाळीपासून आईंच्या बोलण्यातले शब्द गळू लागले. आधी माणसांची नावे गेली, मग वस्तूंची. डॉक्टरांनी वयाचे कारण सांगितले, गोळ्या दिल्या. फेब्रुवारीत एका रात्री फ्रिज आवरताना आम्हां दोघांनाही एकाच वेळी तो शब्द हवा होता आणि तो दोघांपैकी एकालाही आठवला नाही. सकाळी आईंना विचारले. त्यांनी बराच वेळ विचार केला, हाताने पेवाच्या तोंडाचा गोल काढला आणि मग म्हणाल्या, "गेला."

दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आमच्याकडे आहे. सात खंड आणि पुरवणी. आम्ही तो काढला आणि टेबलावर ठेवल्यावर लक्षात आले की शब्दकोशात शब्दावरून अर्थ सापडतो, अर्थावरून शब्द सापडत नाही. तरीही पेव, ज्वारी, ओल अशा शब्दांच्या आजूबाजूला रात्री दीडपर्यंत चाळत बसलो. मराठीत एम. ए. झालेली दोन माणसे, दोघांची मिळून पस्तीस वर्षांची नोकरी, बोलीभाषांवरच्या चर्चासत्रात वाचलेले तीन निबंध. त्यांतल्या एकाचे शीर्षक होते 'वऱ्हाडी बोलीचे शब्दवैभव'. त्या निबंधातली सगळी उदाहरणे छापील पुस्तकांतून घेतलेली होती. पलीकडच्या खोलीत आई होत्या.

वेळ नव्हता, असे आम्ही म्हणू शकतो आणि ते खोटेही नाही. पण याच अमरावतीत दादासाहेब खापर्डे राहत होते. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, टिळकांचे निकटचे सहकारी, नामांकित वकील, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. पक्षकार, राजकारण, दौरे, घरी सदैव पाहुण्यांचा राबता. या माणसाने वर्षानुवर्षे रोजनिशी लिहिली. डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ या काळात ते शिर्डीला साईबाबांकडे राहिले, त्या दिवसांची त्यांची रोजनिशी भाविक आजही वाचतात. ती वाचताना प्रथम कंटाळा येतो. पहाटे उठलो, प्रार्थना केली, साईमहाराजांना बाहेर जाताना पाहिले, दुपारी वाचन, जेवण, गप्पा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चमत्काराच्या अपेक्षेने उघडणाऱ्याची निराशा होते. पण पन्नासेक दिवस ओलांडल्यावर मशिदीतली ऊठबस, लोकांचे येणे-जाणे, बाबांचे प्रसन्न असणे किंवा न बोलणे हे आपल्याला जवळून कळू लागते, आणि कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा अधिक कळते. त्या दिवशी विशेष काय घडले असे विचारत तो बसला असता तर निम्मी पाने कोरी राहिली असती.

खापर्ड्यांची रोजनिशी इंग्रजीत आहे, ही गोष्ट मात्र आम्हांला बोचते. त्या काळच्या शिकलेल्या वकिलाला ते स्वाभाविकच होते. पण घरात जे वऱ्हाडी कानांवर पडले असेल ते त्या इंग्रजीच्या चाळणीतून खाली सांडले असणार. इथे पुन्हा रिद्धपूरच आठवते. नागदेवाचार्यांचा एक प्रसंग 'स्मृतिस्थळा'त आहे. शिष्यांपैकी विद्वान मंडळींचा ओढा संस्कृतकडे होता. भटोबासांनी तसे करू दिले नाही. का, तर त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील. पंथातल्या वृद्ध स्त्रियांना कळणार नाही, एवढेच त्यांचे कारण. वाङ्मयाच्या इतिहासात याचे वर्णन आपण 'लोकभाषेचा पुरस्कार' असे करतो. त्या म्हाताऱ्या मात्र त्या वर्णनात दिसत नाहीत.

आणि जे लिहिले तेही टिकले असे नाही. परकीय आक्रमणाच्या धामधुमीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नाहीशी झाली असे परंपरा सांगते. मग ज्यांना ते पाठ होते त्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे केले गेले. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ आहेत. त्यांत हिराइसेचे नाव येते. एका स्त्रीच्या स्मरणशक्तीवर ग्रंथाचा एक पाठ उभा राहिला. वि. भि. कोलते यांच्यासारख्या, बुलडाणा जिल्ह्यात जन्मलेल्या, संशोधकाने पोथ्या मिळवून, ताडून १९७८ मध्ये सिद्ध केलेली आवृत्ती आपल्या हाती येते तेव्हा त्यामागे ऐकणे, लिहिणे, हरवणे आणि पुन्हा आठवणे एवढे सगळे झालेले असते. हा भाग आम्ही वर्गात पाठसंशोधनाचा प्रश्न म्हणून शिकवायचो. यंदा शिकवताना आमच्यापैकी एकाला मध्येच थांबावे लागले. विद्यार्थ्यांना वाटले, सर मुद्दा विसरले.

एक आक्षेप येईल तो आधीच घेऊन टाकतो. हल्ली रोजचे जगणे नोंदवायला कमी कुठे आहे? प्रत्येकाच्या हातात फोन आहे, ताटातल्या जेवणापासून गच्चीवरच्या ढगापर्यंत सगळ्याची छायाचित्रे निघतात. खरे आहे. आमच्या फोनमध्ये आईंची चारशेच्या वर छायाचित्रे आहेत. वाढदिवस, अक्षय तृतीया, नातवाचा निकाल, शेगावची वारी. प्रत्येकात त्या नवे लुगडे नेसून समोर पाहत आहेत. पाटावर बसून बोलत असलेले एकही नाही, कारण त्यात विशेष काही नव्हते. ध्वनिमुद्रण करता आले असते, हे तर एखाद्या शाळकरी पोरालाही सुचले असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे पुरते उत्तर आमच्याकडे नाही. रोजचे लिहायचे म्हणजे इतरांचे लिहायचे. त्या मुलीची वही वर्गात वाचून दाखवण्यापूर्वी आम्ही तिची परवानगी घेतली. ती म्हणाली, वाचा, पण तिसऱ्या डब्याचे वाचू नका. तो डबा घर सोडून गेलेल्या भावाचा होता. आम्ही ते वाक्य गाळून वाचले. इथे मात्र ते आले आहे, कारण हा लेख लिहिताना पुन्हा विचारले तेव्हा ती म्हणाली, "नाव नसेल तर लिहा. आई अजून धुते तो." आईंना आम्ही तसे विचारू शकत नाही. या लेखाविषयी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली. पण ती कशाला हलवली हे सांगता येत नाही.

येत्या सत्रापासून 'लीळाचरित्रा'चा घटक शिकवण्याआधी हेच काम पुन्हा द्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. फक्त एकदा नव्हे, पंधरा दिवस रोज. त्यात एक सूचना वाढवली आहे : घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचे एक वाक्य, जसे बोलले तसे, शुद्ध न करता. परीक्षेत याला गुण नाहीत. मंडळाकडे प्रस्ताव पाठवला तर मूल्यमापनाचे निकष काय, असे विचारले जाईल, आणि ते विचारणे चूक आहे असेही नाही. तूर्त आम्ही प्रस्ताव पाठवलेला नाही.

घरात फ्रिजवर एक शंभर पानी वही ठेवली आहे. दोरीने पेन बांधले आहे, कारण पेन शोधण्यात गाडी चुकते. ज्याने ऐकले त्याने लिहायचे, खाली आपले आद्याक्षर टाकायचे, आणि दोघांनी वेगळे ऐकले असेल तर दोन्ही लिहायचे. मुलगाही लिहितो, त्याचे ऱ्हस्वदीर्घ आम्ही दुरुस्त करत नाही, हात शिवशिवतात तरी. या आठवड्यातल्या नोंदी अशा आहेत.

सोमवार. आईंनी फ्रिजला कोठी म्हटले. "कोठी लाव."

मंगळवार. सांबार निवडत होत्या. काड्या वेगळ्या, पाने वेगळी. मधेच विचारले, "बुढा वावरातून आला काय?" नाही म्हटले. दुसरी नोंद, वेगळ्या अक्षरात : हो म्हटले.

बुधवार. काही बोलल्या नाहीत. दोनदा चहा मागितला.

गुरुवार. पेवाचे विचारले. "कोन्तं पेव?" थोड्या वेळाने, कोणी न विचारता : "दिवा सोडला काय आंदी?"